स्वस्त डबडं, त्यातलं विंडोज आणि आपलं ऑफिस



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ चाही संपला. तेव्हापासून आपल्या लोकांत दोन प्रश्न वारंवार ऐकू येतात.

पहिला: "लीजवरून परत आलेला एक छोटा पीसी स्वस्तात मिळतोय. त्यात विंडोज आहेच. वर्ड-एक्सेल टाकलं की दुकानाचा हिशेब होईल ना?"

दुसरा: "विंडोज १० ची 'आयओटी' नावाची आवृत्ती आहे म्हणे, तिला २०३२ पर्यंत अपडेट मिळतात. तिची की वीस-पंचवीस डॉलरला मिळते. घ्यावी का?"

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे एम्बेडेड विंडोज. त्यावर ऑफिस टाकण्याआधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात: बसतं का, टिकतं का, आणि परवानगी आहे का. बहुतेक जण पहिल्यावर थांबतात. नुकसान होतं ते दुसऱ्या-तिसऱ्यात, आणि ते सहसा तिमाहीच्या शेवटी, बीएएस भरायच्या वेळी लक्षात येतं.

-----
१) एम्बेडेड म्हणजे काय
-----

सुपरमार्केटमधलं सेल्फ चेकआउट, दुकानाचा टिल, इस्पितळातलं तपासणीचं यंत्र, बँकेच्या काउंटरवरचं चपटं काळं डबडं (याला थिन क्लायंट म्हणतात), ही सगळी आतून कॉम्प्युटरच असतात. पण त्यांना काम एकच. अशा यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या वेगळ्या आवृत्त्या काढल्या: २००१ मध्ये एक्सपी एम्बेडेड, मग एम्बेडेड स्टँडर्ड २००९, टिलसाठी पॉसरेडी २००९, पुढे एम्बेडेड स्टँडर्ड ७ आणि पॉसरेडी ७, आणि आता विंडोज आयओटी एंटरप्राइज.

यातल्या बऱ्याच दिसायला हुबेहूब नेहमीच्या विंडोजसारख्या. तोच स्टार्ट मेनू, तोच एक्सप्लोरर. म्हणूनच घोटाळा होतो. घेणाऱ्याला वाटतं, विंडोज म्हणजे विंडोज.

ओळखायचं कसं? खोक्यावरचा स्टिकर वाचा. त्यावर 'एम्बेडेड', 'पॉसरेडी' किंवा 'आयओटी' हा शब्द असेल. स्टिकर निघाला असेल तर स्टार्टमध्ये जाऊन 'विनव्हर' चालवा, म्हणजे आवृत्तीचं नाव दिसतं. घेण्याआधी विकणाऱ्याकडून त्याचा फोटो मागून घ्यायला काही हरकत नाही.

-----
२) बसतं का?
-----

कधी बसतं, कधी नाही. कारणं साधी आहेत.

पहिलं कारण जागा. एचपीचा टी५७४० घ्या. इंटेल ॲटम प्रोसेसर, एम्बेडेड स्टँडर्ड २००९, आणि डिस्कच्या जागी दोन जीबीची फ्लॅश. विंडोजने त्यातली बरीचशी आधीच खाल्लेली. ऑफिस २००३ ला साधारण ४०० एमबी लागायचे. ऑफिस २००७ ला दीड-दोन जीबी, २०१० आणि २०१३ ला तीन, २०१९ ला चार. म्हणजे घर एक खोलीचं आणि सामान तीन खोल्यांचं.

दुसरं कारण सुटे भाग. एक्सपी एम्बेडेड हजारो सुट्या घटकांतून बांधायचं असे. यंत्र बनवणारी कंपनी त्यातले हवे तेवढेच घ्यायची. त्यामुळे ऑफिसला गरज असलेली एखादी फाईल, छपाईची सोय किंवा खुद्द इन्स्टॉलर सेवाच नसणं शक्य असतं. मग सेटअप मध्येच थांबतो आणि जो संदेश येतो त्यावरून काहीच बोध होत नाही.

तिसरं कारण खास आपलं. देवनागरी दाखवायला नुसता फाँट पुरत नाही. अक्षरं जोडणारी, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन बसवणारी यंत्रणा लागते. नेहमीच्या एक्सपीतसुद्धा त्यासाठी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा पर्याय वेगळा निवडून सीडीवरून फाईली घालाव्या लागत. एम्बेडेड प्रतिमेत जागा वाचवायची म्हणून हा भाग आणि मंगल फाँट गाळला जाणं अगदी साहजिक. अशा ठिकाणी वर्ड चालू झालं तरी मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात, नाहीतर 'कि' चा 'क' एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे. मंडळाची पत्रिका किंवा आईबाबांचा पत्रव्यवहार करायचा असेल तर आधी हे तपासा. ऑफिस बसलं म्हणजे मराठीची सोय झाली असं नाही.

-----
३) टिकतं का?
-----

खरं घोडं पेंड खातं ते इथे.

या यंत्रांतल्या फ्लॅशवर पुन्हापुन्हा लिहिलं तर ती झिजते. शिवाय काउंटरवरच्या यंत्रात कोणीही काहीही केलं तरी सकाळी ते ताजंतवानं उभं राहावं अशी मालकाची अपेक्षा असते. म्हणून त्यात 'राइट फिल्टर' नावाची सोय असते. तुम्ही जे लिहिता ते डिस्कवर जातच नाही, मेमरीत साठतं. यंत्र बंद केलं की मेमरी पुसली जाते आणि यंत्र जसं होतं तसं परत येतं. शाळेच्या फळ्यासारखं, रोज संध्याकाळी शिपाई पुसून जातो.

आता विचार करा. तुम्ही दुपारी ऑफिस टाकलं, छान चाललं. चार दिवस यंत्र बंद केलं नाही, कारण टिल सहसा कोणी बंद करत नाही. हिशेबाची फाईल डेस्कटॉपवर ठेवली. पाचव्या दिवशी वीज गेली. परत आली तेव्हा फाईल नाही आणि ऑफिसही नाही. रिसायकल बिनमध्ये शोधून उपयोग नाही, कारण फाईल डिस्कवर कधी गेलीच नव्हती. ती परत मिळवायला माणूस लावलात तर त्याचे पैसेही वाया.

फिल्टर चालू आहे की नाही हे ओळखता येतं. एचपीच्या यंत्रांत घड्याळाशेजारी कुलपाचं छोटं चिन्ह असतं, हिरवं असेल तर फिल्टर चालू. फिल्टर बंद करून बदल पक्का करता येतो, पण त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो, आणि जुन्या मालकाने तो बदललेला असेल तर विषय संपला. फिल्टर चालू ठेवून ऑफिस पक्कं बसवलं आणि ॲक्टिव्हेशन मात्र नंतर केलं, तर यंत्र प्रत्येक वेळी ॲक्टिव्हेशन विसरतं. दहा वेळा केलं की मग फोन करून समजावत बसा.

कायमचा बंद करून टाकला तर? करता येतो. पण मग फ्लॅश झिजू लागते, आणि दोन-चार जीबीत विंडोजचे अपडेट मावत नाहीत हा प्रश्न उरतोच.

यात किती पणाला लागतं ते पाहा. उलाढाल वर्षाला ७५,००० डॉलरला पोचली की जीएसटीची नोंदणी करावी लागते आणि बीएएस मागे लागतं. व्यवसायाच्या नोंदी साधारण पाच वर्षं जपून ठेवाव्यात असा एटीओचा नियम आहे. त्या इंग्रजीत हव्यात किंवा सहज इंग्रजीत करता येतील अशा हव्यात. नोकर असतील तर त्यांच्या पगाराच्या नोंदी सात वर्षं. "वीज गेली आणि फाईल पुसली गेली" हे सांगून सुटका होत नाही.

-----
४) परवानगी आहे का?
-----

समजा सगळं जमलं. मोठी डिस्क घातली, फिल्टर काढला, मराठी चाललं. तरीही एक प्रश्न राहतो, आणि तो तंत्राचा नाही, कागदाचा आहे.

आपल्याकडे गावाबाहेर शेतजमीन स्वस्त मिळते. पण तिच्यावर बंगला बांधायचा तर आधी एन.ए. करून घ्यावी लागायची. जमीन तुमची, पैसे तुमचे, तरी वापर ठरलेला. स्वस्त मिळाली ती त्या बंधनामुळेच. एम्बेडेड विंडोजचं नेमकं असंच आहे.

यंत्र बनवणाऱ्याला ते नेहमीच्या विंडोजपेक्षा वेगळ्या अटींवर मिळतं. अट अशी की यंत्र एका ठराविक कामाचं असावं, सर्वसाधारण पीसी म्हणून विकू नये आणि वापरू नये. ईमेल, पत्रलेखन, स्प्रेडशीट, डेटाबेस, वैयक्तिक हिशेब यांना या करारांत डेस्कटॉपची कामं म्हणतात आणि ती मुद्दाम वेगळी काढलेली असतात. यंत्राच्या मूळ कामाला आधार म्हणून त्यातलं काही लागत असेल, तर काही करारांत मुभा असते. म्हणजे तपासणीच्या यंत्राने अहवाल छापायला वर्डसारखं काही वापरलं तर एक वेळ चालेल. पण टिलवर बसून मुलाचा शाळेचा निबंध लिहिणं त्यात बसत नाही. प्रत्येक यंत्राचा करार थोडा वेगळा असतो, तेव्हा आपल्या यंत्राचा वाचून पाहावा.

आणि एक वाट मोकळी ठेवलेली होती. थिन क्लायंटवरून दूरच्या सर्व्हरला जोडून तिथलं ऑफिस वापरता येतं. ही यंत्रं बनली होती तीच मुळी त्यासाठी.

"हा नुसता पैसे उकळायचा धंदा," असं म्हणणारे भेटतात. पैशाचा भाग आहेच. पण एककामी यंत्रात बाहेरचं काही शिरलं की काय होतं ते जून २०१७ मध्ये व्हिक्टोरियाने पाहिलं. तिथले रस्त्यावरचे सिग्नलचे आणि वेगाचे कॅमेरे विंडोजवर चालत. ते इंटरनेटला जोडलेले नव्हते, तरी देखभालीसाठी आलेल्या माणसाच्या यूएसबीतून वॉनाक्राय हा व्हायरस आत गेला. सुरुवातीला ५५ कॅमेऱ्यांची नावं पुढे आली आणि पोलिसांनी ५९० दंड मागे घेतले. अशा यंत्रांना अपडेट क्वचित मिळतात, म्हणून त्यांच्यात जितकं कमी घालावं तितकं बरं. ज्या टिलवर गिऱ्हाइकाचे पैसे घेता त्याच्यावरच ईमेलच्या अटॅचमेंट उघडणं म्हणजे गल्ल्याची चावी दारात टांगून ठेवणं.

-----
५) ऑफिसचं स्वतःचं लायसन्स
-----

इथवर फक्त विंडोजची बाजू झाली. ऑफिसच्याही अटी असतात आणि त्या दर आवृत्तीत बदलल्या आहेत.

'होम अँड स्टुडंट' पाहा. नावातच सगळं आहे: धंद्यासाठी नाही. २०१२ साली सरफेस आरटी टॅबलेट आला तेव्हा त्यात ऑफिस आधीच घातलेलं होतं. लोक खूश झाले. पण ते ऑफिस होम अँड स्टुडंट जातीचं. व्यावसायिक वापराचा हक्क वेगळा घेतलेला नसेल तर त्यावर दुकानाचं बिल करणंसुद्धा अटीबाहेर. म्हणजे ऑफिस आत होतं, चालत होतं, आणि तरी कामाला वापरायचं नव्हतं. विंडोज आरटीचा सपोर्टही जानेवारी २०२३ मध्ये संपला.

ऑफिस २०१३ ची गोष्ट याहून मासलेवाईक. दुकानातून घेतलेली प्रत ज्या पीसीवर पहिल्यांदा बसली त्याच्याशी कायमची बांधली जाणार, पीसी मेला की लायसन्सही मेलं, अशी अट आधी होती. बोंब झाली तेव्हा मार्च २०१३ मध्ये कंपनीने अट सैल केली आणि ९० दिवसांतून एकदा दुसऱ्या यंत्रावर नेण्याची मुभा दिली.

सर्व्हरची वाट धरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. सर्व्हरवर ऑफिस एकदा टाकलं आणि पाच थिन क्लायंट जोडले तर एक लायसन्स पुरत नाही. जितकी यंत्रं जोडणार तितकी ऑफिसची लायसन्सं लागतात, शिवाय दूरजोडणीची वेगळी. दुकानात मिळणारी साधी प्रत त्यासाठी चालत नाही, व्हॉल्यूम लायसन्स किंवा योग्य वर्गणी लागते. पाच जणांच्या ऑफिसला हे परवडतं का, याचा हिशेब आधी कागदावर करा.

वर्गणीच्या योजनांबद्दल एक ताजी गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये एसीसीसीने मायक्रोसॉफ्टविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावला. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये कोपायलट घालून पर्सनलची वर्गणी १०९ वरून १५९ डॉलर आणि फॅमिलीची १३९ वरून १७९ डॉलर केली. जुन्या दरात कोपायलटशिवायची 'क्लासिक' योजना उपलब्ध होती, पण ती रद्द करायला गेल्यावरच दिसायची, ही गोष्ट सुमारे २७ लाख ऑस्ट्रेलियन ग्राहकांपासून लपवली, असा एसीसीसीचा आरोप. नोव्हेंबरमध्ये कंपनीने माफी मागून परताव्याची तयारी दाखवली. तात्पर्य, नूतनीकरणाचं ईमेल आलं की आपण कोणत्या योजनेत आहोत हे एकदा पाहावं.

-----
६) फसलो तर इथला कायदा काय म्हणतो?
-----

ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉ १ जानेवारी २०११ पासून लागू आहे आणि त्यात सॉफ्टवेअरही 'वस्तू' धरलं जातं. व्हॉल्व या गेम कंपनीविरुद्धच्या खटल्यात फेडरल कोर्टाने २०१६ मध्ये हे मान्य केलं आणि ३० लाख डॉलर दंड ठोठावला. १,००,००० डॉलरपर्यंतची खरेदी धंद्यासाठी असली तरी ग्राहकहक्क मिळतात (जुलै २०२१ आधी ही मर्यादा ४०,००० होती). तेव्हा विक्रेत्याने जाहिरातीत "ऑफिसच्या कामासाठी विंडोज पीसी" लिहिलं आणि हातात पॉसरेडीचा टिल दिला, तर वस्तू वर्णनाप्रमाणे नाही म्हणून परत करता येते. ऐकलं नाही तर न्यू साउथ वेल्समध्ये फेअर ट्रेडिंग, व्हिक्टोरियात कन्झ्युमर अफेअर्स.

मात्र एक मोठी पळवाट आहे. मूळ मालकाच्या वतीने लिलावगृहाने लिलावात विकलेल्या मालाला दर्जाची, वर्णनाची आणि उपयुक्ततेची हमी लागू होत नाही. आणि लीजवरून परत आलेली ही डबडी बरीचशी लिलावातूनच येतात. तिथे बोली लावली की जे पदरात पडेल ते आपलं.

-----
७) आणि ती २०३२ ची की?
-----

आता दुसरा प्रश्न. विंडोज १० आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ ला १३ जानेवारी २०३२ पर्यंत अपडेट आहेत, हे खरं. टीपीएम २.० नाही म्हणून विंडोज ११ न घेणाऱ्या जुन्या पीसीसाठी हा मोह साहजिक.

पण हे लायसन्स यंत्र बनवणाऱ्यामार्फत, यंत्रासोबत मिळतं. वीस डॉलरला सुटी मिळणारी की म्हणजे तुम्हाला लायसन्स मिळालं असं नाही, फक्त पंचवीस अक्षरं मिळाली. उद्या ती बंद पडली तर तक्रार कोणाकडे करणार? शिवाय मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ॲप्सना विंडोज १० च्या एलटीएससी आवृत्त्यांवर अधिकृत सपोर्ट नाही. चालतात का? बरेचदा चालतात. अडलं तर मदत मिळेल का? नाही. एलटीएससीवर अधिकृतपणे चालतं ते ऑफिस एलटीएससी, आणि ते व्हॉल्यूम लायसन्सवर मिळतं.

हे नाटक एकदा होऊन गेलेलं आहे. २०१४ मध्ये एक्सपीचा सपोर्ट संपला तेव्हा रजिस्ट्रीत एक ओळ घालून पीसीला पॉसरेडी असल्याचं भासवायचं आणि एप्रिल २०१९ पर्यंतचे अपडेट घ्यायचे, अशी युक्ती निघाली. मायक्रोसॉफ्टने तेव्हाच सांगितलं की हे अपडेट एक्सपीसाठी तपासलेले नाहीत. घरच्या खेळण्याला ठीक, दुकानाच्या हिशेबाला नाही.

-----
८) मग करावं काय?
-----

- घरचा विंडोज १० पीसी धड चालत असेल तर अधिकृत वाढीव अपडेटची योजना पाहा. घरगुती वापरासाठी तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे आणि मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्ज सिंक केल्यास फुकट मिळते. मायक्रोसॉफ्ट ३६५ ला विंडोज १० वर सुरक्षेचे अपडेट १० ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत.

- थिन क्लायंट घेऊनच बसला असाल तर त्यातलं विंडोज काढा आणि लिनक्स टाका. एचपी टी६१० सारख्या यंत्रात दोन कोअरचा ६४ बिट प्रोसेसर आहे आणि साटा डिस्क लावता येते, त्यावर डेबियन आणि लिबरऑफिस चालतं. लिबरऑफिसला दीड जीबी जागा पुरते, धंद्यासाठी वापरायला बंदी नाही, आणि त्याचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात. आईबाबांसाठी हे उत्तम. एक्सेलचे मॅक्रो मात्र जसेच्या तसे चालतीलच असं नाही.

- टिलला टिल राहू द्या. हिशेबासाठी नेहमीच्या विंडोजचा साधा लॅपटॉप ठेवा. टिलमधून दिवसाची विक्री फाईलने काढून त्यात घ्या.

- एम्बेडेड यंत्र आधीच वापरात असेल तर आजच तपासा: कुलूप हिरवं आहे का, फाईली कुठे साठतात. सगळ्या फाईली यूएसबीवर उतरवून घ्या, आणि मगच यंत्र बंद करा. हा क्रम उलटा करू नका.

- मंडळाला किंवा मराठी शाळेला कोणी अशी यंत्रं देणगी देत असेल तर घेण्याआधी स्टिकर वाचा. पदाधिकारी दर एक-दोन वर्षांनी बदलतात, आणि लायसन्सचा कागद पहिल्यांदा हरवतो. खरेदीची पावती आणि लायसन्स फाईलला लावून ठेवा.

कोणाला आपल्या यंत्राबद्दल शंका असेल तर मॉडेलचं नाव आणि विनव्हरमध्ये दिसणारी आवृत्ती कळवावी. प्रॉडक्ट की मात्र कोणालाच पाठवू नये, मलासुद्धा नाही.